घरचा टाइम

बारामतीहून धुळ्याला जायला किती वेळ लागतो, हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आठ तास. दौंड, नगर, राहुरी, कोपरगाव, मनमाड, मालेगाव आणि मग धुळे. उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या तर नऊ. एकदा बारामतीचं वऱ्हाड घेऊन गेलो होतो, तेव्हा मनमाडच्या पुढं रेडिएटरनं राम म्हटला आणि नवरदेवाला फेट्यासकट तासभर बाभळीखाली बसवून ठेवावं लागलं. त्या तासात नवरदेवाच्या मामानं मला ज्या शिव्या घातल्या, तसल्या मी आजवर स्टँडवरसुद्धा ऐकल्या नाहीत. तेव्हा त्या रस्त्याबद्दल मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकंच फिरतं.

आणि आमच्या मुलीनं फोनवर अगदी शांतपणे सांगितलं, "पप्पा, बारामती ते धुळे मला पावणेदोन तास लागतील."

"काहीतरीच काय बोलतेस!" मी ओरडलोच. "पावणेदोन तासांत नगर तरी गाठशील का? माझ्यापुढं रस्त्याच्या गप्पा मारू नकोस."

ती तिकडून हसत सुटली. "अहो पप्पा, मी रस्त्यानं नाही जाणार. वरून जाणार आहे."

हात्तिच्या! पोरगी बारामतीला विमान चालवायला शिकते आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिला सामानासकट तिथं सोडून आलो होतो मीच. फीचं कसं जमवलं ते इथं सांगत बसत नाही, जमवलं. पण किलोमीटर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं डांबर येतं, त्याला मी तरी काय करू? तर ठरलं होतं ते असं: बारामतीच्या लहान विमानतळावरून उडायचं, धुळ्याच्या लहान विमानतळावर उतरायचं, कागदावर सही घ्यायची आणि परत बारामतीला यायचं. आजवर शेजारच्या सीटवर शिकवणारे सर असायचे. ह्या वेळी शेजारची सीट रिकामी. इतक्या लांब ती पहिल्यांदाच एकटी जाणार होती. ती नीट उतरून फोन करते की नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर आमच्या घराचा जीव आठवडाभर टांगला होता.

मी लोणावळ्याच्या स्टँडवर टुरिस्ट गाडी चालवतो. अठ्ठावीस वर्षं झाली. घर वडगाव मावळच्या अलीकडं, जुन्या हायवेपासून आत दोन वळणांवर. तुंगार्लीच्या बंगल्यांवर उतरलेले पाहुणे विचारतात, "भाऊ, एअरपोर्टला किती वाजता पोचू?" मी वार कोणता ते बघतो, आभाळ बघतो आणि वेळ सांगतो. पाच मिनिटं इकडं नाही की तिकडं नाही. शनिवारची तुंगार्ली वेगळी आणि मंगळवारची वेगळी. गुरुवारी शिरगावला साईबाबांच्या दर्शनाची गर्दी असते, म्हणून सोमाटण्याजवळ दहा मिनिटं जादा धरायची. हल्ली पाहुणे मोबाईलचा नकाशा माझ्या नाकासमोर नाचवतात. नाचवा बापडे. त्या मोबाईलला ट्रॅफिक कळतं, लग्नाची तिथ कळत नाही.

आमच्या स्टँडवर दोन टाइम चालतात, रस्त्याचा टाइम आणि घरचा टाइम. ही पद्धत मला शिकवली ती तेव्हाच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरनं. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. माझं नवीन लग्न झालं होतं. एक्स्प्रेस वे अजून व्हायचा होता, घाटात एक ट्रक आडवा झाला की सगळ्यांचाच निकाल. मोबाईल तर कोणाच्या स्वप्नातही नव्हता. मी घरी सांगून निघायचो की चारला येतो, आणि यायचो कधीही. आबा एकदा चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "आरं, घरी खरा टाइम कशाला सांगतुस? सातला पोचणार आसलास तर आठ सांग. घाट आसंल तर नऊ सांग. बाईमाणसाचा जीव दाराला लागतुया. लवकर गेलास तर ती खूश, उशीर झाला तरी तू टायमात."

मला ते इतकं पटलं म्हणून सांगू! त्या दिवसापासून मी बायकोला एकदाही खरा टाइम सांगितला नाही. साधं भाडं असेल तर एक तास वर घालायचा, घाट असेल तर दोन. पुढं मोबाईल आले, पण घाटात रेंज नाही आणि गाडी चालवताना मी फोन उचलत नाही, त्यामुळे पद्धत तशीच चालू राहिली. सांगितल्या वेळेच्या आधी मी घरी हजर. सव्वीस वर्षांत उशीर झाला असेल तो पाच-सहा वेळा. स्टँडवर मी छाती पुढं काढून सांगायचो, "आमच्या घरी काळजी नावाची भानगडच नाही."

बायको शिवणकाम करते. वडगावच्या बाजारात जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून तिच्याकडं ब्लाऊज टाकतात, एवढा तिचा हात आहे. मशीन ओट्यावर, शेजारी कापड कापायचं लांबलचक टेबल. मी गाडी लावायचो तेव्हा ती टेबलापाशी नसायचीच, मशीनवरही नसायची. पायरीवर बसून, मांडीवर कोणाचा तरी ब्लाऊज घेऊन हुक लावत असायची. नेहमी. मी चेष्टा करायचो, "तालुक्यातल्या सगळ्या ब्लाऊजांना नुसते हुकच लावायचे असतात का गं?" ती सुईत दोरा ओवत म्हणायची, "हात धुवा, चहा ठेवते."

चेष्टेचा आणखी एक हुकमी विषय माझ्याकडं होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी गल्लीतल्या एका नवरीच्या शालूचा ब्लाऊजपीस हिच्याकडं आला. हिनं तो कापला आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापून ठेवल्या. शालूतलं कापड परत कुठून आणायचं? शेवटी दुसऱ्या रंगाची पट्टी जोडून, वर जर लावून कसंबसं निभावलं. नवरीला ते आवडलं ही गोष्ट वेगळी. मी मात्र त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं. "लक्ष कुठं असतं तुझं? डोळे उघडे ठेवून कापत जा की!" पुढं पंचवीस वर्षं, कोणाच्या लग्नाला गेलो की मी पंगतीत तो किस्सा रंगवून सांगायचो आणि ती पदर तोंडाला लावून हसायची.

पोरगी लहान असताना तिला वडगावच्या शाळेत सोडून मग मी स्टँडवर जायचो. पुढच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसायची. आठ वर्षांची असेल तेव्हा. एकदा गाडी कडेला घेऊन मी फोनवर पाहुण्यांना सांगितलं, अर्ध्या तासात येतो, आणि लगेच घरी सांगितलं, मला दीड तास आहे. पोरगी माझ्याकडं टक लावून बघायला लागली.

"पप्पा, तुम्ही आईशी खोटं बोललात?"

"खोटं नाही गं. तो घरचा टाइम."

मी तिला आबांची सगळी पद्धत समजावून सांगितली. तिनं मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, विसरली असेल.

विमानाचं खूळ आलं तेही त्याच सीटवरून. तुंगार्लीच्या एका बंगल्यातून एका बाईंना सकाळी पुण्याच्या विमानतळावर सोडायचं होतं. शाळेला सुट्टी, म्हणून पोरगी बरोबर. बाई वैमानिकाच्या गणवेशात, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या. पोरगी वाटभर मान मागं वळवून त्या पट्ट्या बघत होती, मान अवघडेल म्हणून मी दोनदा रागावलो. देहूरोडच्या आसपास तिनं धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही विमानातून घरी फोन करता का?"

बाई हसून म्हणाल्या, "नाही गं. उतरल्यावर करते."

त्यानंतर दहा वर्षं घरात तोच विषय. बारावी झाल्यावर तिनं अर्ज पुढं केला तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. आरडाओरडाही केला, कबूल करतो. गाडी रस्त्यावर बंद पडली तर खाली उतरून बॉनेट उघडता येतं, वर काय उघडणार, असलं बरंच काही बोललो. बायको तेव्हा काज करत होती. तिनं एकच वाक्य टाकलं, "तुमी घाटात गाडी घालता तवा मी आडवी पडते का?" मी चपला घालून बाहेर गेलो, तळ्याकडं एक फेरी मारली आणि परत येऊन अर्जावर सही केली.

त्या धुळ्याच्या उड्डाणाआधी ती दोन दिवस घरी आली होती. हिवाळ्याचे दिवस, ओट्यावर छान ऊन. आईच्या कापायच्या टेबलावर तिनं एक भलामोठा नकाशा पसरला आणि पेन्सिलीनं बारामतीपासून धुळ्यापर्यंत सरळ रेघ ओढली. मी बघतच राहिलो. ज्या रस्त्यानं मी आठ तास कमरेचा काटा ढिला करून घेतला, तो हा एवढासा? सरळ मोजलं तर तीनशेच्या आसपास किलोमीटर. ना वळण, ना टोल, ना मामा.

"बरं, मग सरळ नाकासमोर जायचं?" मी विचारलं.

"नाही ना पप्पा. वारा असतो. पश्चिमेकडून ढकलत असेल तर विमानाचं नाक थोडं पश्चिमेला ठेवायचं. समोरून असेल तर वेळ वाढवायचा, मागून असेल तर कमी करायचा."

मग तिनं रेघेवर दर दहा मिनिटांना एक आडवी खूण केली. ह्या खुणेला खाली भीमा दिसली पाहिजे. ह्या खुणेला नगर उजव्या हाताला. इथं गोदावरी. इथं मनमाडचे रूळ. खूण आली आणि खाली ते ठिकाण नाही दिसलं तर समजायचं, आपलं काहीतरी चुकतंय. ती बोलत होती आणि मी तिच्या बोटाकडं बघत होतो. हेच तर मी अठ्ठावीस वर्षं करत आलो! मी ट्रॉल्या मिळवतो आणि शनिवार वजा करतो, ती वारा मिळवते आणि वारा वजा करते. पण माझं सगळं अंदाजपंचे, सवयीनं जमलेलं. हिनं ते कागदावर मांडलं होतं, मिनिटामिनिटाचं, आणि चुकलं तर काय करायचं तेही शेजारी लिहून ठेवलं होतं. मला रडू आलं. लपवायला गेलो नाही, घरातल्या घरात कोणापासून लपवायचं? बायकोनं टेप गळ्यात अडकवली आणि म्हणाली, "आता नकाशा उचला दोघं. मला कापायचंय."

उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी पोरीचा फोन आला. हवा चांगली आहे, सकाळी आठला निघते, सगळं आवरून दुपारी दोनपर्यंत फोन करते. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. हिशोब करायला मला कागद लागत नाही. आठला निघाली म्हणजे पावणेदहाला धुळे. सही, तेलपाणी, इकडं तिकडं, तास धरू. पावणेअकरा. परतीचे पावणेदोन तास. साडेबाराला बारामती. मग दोन कसे?

च्यायला! पोरीनं मला घरचा टाइम दिला होता.

आधी मला हसू आलं. माझीच विद्या माझ्यावर चालवते, वा रे पठ्ठी! मग राग आला. मी काय बाईमाणूस आहे का जीव दाराला लागायला? मग बायकोकडं बघितलं. ती निवांत भाकऱ्या थापत होती. म्हटलं, हिला साडेबाराचं काही सांगायला नको. हिच्यापुरते दोनच राहू देत. आपण मात्र खरा टाइम धरून चालू, आपल्याला काय फरक पडतो?

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेलो नाही. क्लच प्लेटचं काम आहे म्हणून कळवलं. गाडी अंगणात उभी आणि मी तिच्याभोवती फडकं घेऊन. बायको सकाळपासून टेबलापाशी. कात्री कराकरा चालू होती, तीन ब्लाऊज कापून झाले तिचे. आठ वाजले. मनात म्हटलं, निघाली. आठ वाजून दहा मिनिटं, भीमा. पुढची प्रत्येक खूण मी काच पुसता पुसता मोजत होतो. पावणेदहाला धुळ्यात उतरवली तिला. पावणेअकराला परत उडवली. चहा दोनदा झाला, दोन्ही वेळा गार करून प्यालो.

साडेबाराला बायकोनं कात्री घडी केलेल्या कापडाखाली सारली आणि पायरीवर येऊन हुक लावायला बसली. मी घड्याळात बघितलं आणि फोन हातात घेतला. फोन गप्प.

पावणेएक. फोन गप्प. वर आभाळ निळंशार, मावळात थंडीत असतं तसं, पण ते माझ्या काय कामाचं? मला मनमाडचं आभाळ पाहिजे होतं. ती खूण चुकली असेल का? वारा उलटा फिरला असेल का? रूळ दिसलेच नसतील तर? एक ओळखीचा गृहस्थ भाडं विचारायला आला, कामशेतपर्यंतचं साधं भाडं. त्याच्यावर मी असा खेकसलो की तो बिचारा उलट्या पावली गेला. एक वाजला. गाडीत बसलो, चालू केली, बंद केली. कुठं जाणार होतो देव जाणे.

एक वाजून दहा मिनिटांनी मला राहवेना. "मी तिच्या विमानाच्या शाळेत, ऑफिसात फोन लावतो."

"नगा लावू," बायको म्हणाली. "तितं बाकीची पोरं आसत्यात. बापाचा फोन आला म्हून हसतील तिला. उतरली की करंल."

"उतरली की! साडेबाराला उतरायला पाहिजे होती ती! दोन हा घरचा टाइम आहे, कळतंय का तुला? चाळीस मिनिटं वर झाली! पण तुला काय त्याचं? तुझं आपलं निवांत. पोरगी आभाळात आणि तू हुक लावत बसलीयेस!"

तिनं मान वर केली. सव्वीस वर्षांत तिनं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"निवांत?" ती म्हणाली. तिनं मांडीवरचा ब्लाऊज माझ्यापुढं धरला. "ह्यो एकच हुक चार येळा उसवलाय मी. बगा."

मी बघितलं. कापडाला सुईची भोकं पडून जाळी झाली होती.

"वाट बगायची आसली की मी कात्री हातात घेत न्हाई. हात थारत न्हाई. हुक उसवता येतो. कापलेलं कुटं उसवतंय?" तिनं ब्लाऊज परत मांडीवर घेतला. "त्या शालूच्या बाह्या आठवत्यात? लय हसवता लोकांना. त्या दिवशी चारला येतो म्हून गेलतात तुमी. अंधार पडला तरी पत्त्या न्हाई. घाटात अपघात झालाय म्हून कुणीतरी सांगत आलं, आन् माज्या हातात कात्री हुती."

त्या दिवशी मी घरी आलो होतो आणि आल्या आल्या तिला विचारलं होतं, लक्ष कुठं असतं तुझं.

"पण त्यानंतर तर मी तुला कायम जादाचा टाइम..."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "दुसऱ्याच वर्साला कळलं. रोजच्या रोज माणूस लवकर कसा येईल? तुमची गाडी काय इमान हाय? पण तुमी कदी तास घालणार, कदी दोन. किती वजा करायचं ते मला कसं कळावं? मग मी दोन तास आदीपासनंच वाट बगायची."

म्हणजे पायरीवरचे ते हुक. रोजचे. मी ज्याला तिचा निवांतपणा म्हणून स्टँडवर मिरवत होतो, ते हे होतं. मी वर घातलेला प्रत्येक तास तिनं सुईनं भरून काढला होता. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस कधी?"

"तुमाला वाटायचं, हिच्या जिवाला घोर न्हाई. त्या भरवशावर तुमी घाट नीट चालवायचा. कशाला मोडू?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. किती बायका असतील अशा आमच्या स्टँडवरच्या, आणि आम्ही गाढवं चहा पीत एकमेकांना अक्कल शिकवत होतो. तिनं दुसऱ्या ब्लाऊजाचं कापड माझ्या हातात दिलं. हुक लावायला नाही, नुसतं धरायला. मी धरून बसलो.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला.

"पप्पा, उतरले!"

मी फोन बायकोच्या हातात दिला, तिनं तो मोठ्या आवाजावर टाकला. पोरगी धबाधबा बोलत होती. धुळ्याहून निघायलाच उशीर झाला, दुसरं विमान उतरायचं होतं म्हणून थांबले, येताना वारा समोरून होता, पण सगळ्या खुणा बरोब्बर लागल्या, मनमाडचे रूळ तर असे दिसले पप्पा, तुमची बाभळपण दिसली असेल! मग एकदम म्हणाली, "आणि काय हो, दोन वाजायला अजून पस्तीस मिनिटं आहेत."

आता मात्र मी फोनकडं झुकलो. "मला घरचा टाइम देतेस? खरा सांगायला काय झालं होतं?"

"आईला सांगितला होता ना खरा. साडेबारा."

मी बायकोकडं बघितलं. ती दोरा दातानं तोडत होती.

"आमचं दोघींचं पहिल्यापासनं ठरलंय," ती म्हणाली. "मी तिला सांगून ठेवलंय, मला जो काय आसंल तो खरा टाइम सांग. तवर मी माजं काम करीन. त्याच्या म्होरं माजं मी बगीन. तुमाला मातुर घरचा सांग. तुमाला झेपायचं न्हाई."

तिकडून पोरगी हसत होती, इकडून ही. आणि मी, ज्यानं आयुष्यभर दोघींना जपल्याचा मोठेपणा मिरवला, तो मधे कापड धरून बसलो होतो. मला त्या दोघींचा फार अभिमान वाटला. एक आभाळात दर दहा मिनिटांनी खाली बघून आपली चूक तपासत गेली होती. दुसरी साडेबारापर्यंत सरळ रेषेत तीन ब्लाऊज कापत होती, आणि साडेबाराच्या ठोक्याला कात्री ठेवून पायरीवर आली होती. मी माझ्या डोळ्यांनी तिला कात्री ठेवताना बघितलं होतं आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

चार दिवसांनी पुण्याच्या विमानतळाचं भाडं लागलं. तुंगार्लीहून दुपारी निघायचं, पाहुण्यांना सोडायचं आणि परस्पर घरी. मी घरातून निघताना दारात थांबलो.

"सातला येतो."

ती मशीनवर होती. पाय थांबला. "घरचे सात का रस्त्याचे?"

"रस्त्याचे."

मशीन पुन्हा चालू झालं.

येताना सोमाटण्याला गर्दी होती. गुरुवार होता, पण तो मी धरलेलाच होता. सातला पाच कमी असताना गाडी गल्लीत वळवली. ओट्यावरचा दिवा लागलेला. पायरी रिकामी. ती टेबलाशी उभी होती, गळ्यात टेप, पुढ्यात हिरवं कापड, आणि कात्री त्या कापडातून कर्रकर्र करत सरळ चालली होती. गाडीचा आवाज ऐकूनही तिनं वर बघितलं नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "येवढी बाही कापून हुं द्या."

मी गाडी बंद केली आणि आतच बसून राहिलो. सव्वीस वर्षांत मी घरी आल्यावर तिच्या हातात कात्री पहिल्यांदा बघत होतो.